भावाच्या तोंडून

“डॉक्टर कुठायत?” लेसिएलीने विचारलं.

“थिएटरमध्ये,” नर्स अनासेईनी म्हणाली आणि टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला.

“मागच्या सोमवारीही थिएटरमध्येच होते.”

“ऑपरेशनं असतात ना ताई.”

“मग शेजारच्या दाराशी ते सँडल कुणाचेत? उजव्याचा पट्टा शिवलाय. रविवारी चर्चच्या पायरीवर तेच होते.”

अनासेईनीने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. “थिएटरात वेगळ्या चपला घालतात,” ती म्हणाली. “आता जरा इकडे लक्ष द्या. दोन रस्ते आहेत.”

लेसिएली लक्ष देतच होती, पण कागदाकडे नाही. खोलीच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकून दोन खोल्या केल्या होत्या आणि फळीपलीकडे कुणीतरी आत्ताच दबक्या आवाजात खाकरलं होतं. ते खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. गेली वीस वर्षं चर्चमध्ये पुरुषांच्या बाकांकडून ते तिच्या कानावर येत होतं.

अनासेईनी बोटाने एकेक ओळ दाखवत गेली. पहिला रस्ता म्हणजे डावा स्तन सगळाच काढायचा, काखेतल्या ग्रंथींसकट. ते इथेच होईल, येत्या दोन आठवड्यांत. दुसरा रस्ता म्हणजे गाठ तेवढी काढायची आणि स्तन राखायचा, पण मग मागाहून किरणांचे उपचार घ्यावेच लागतात आणि ते यंत्र सबंध टोंगात नाही. त्यासाठी न्यूझीलंडला जायचं. तिकडे पाठवायचं की नाही ते समिती ठरवते, समिती महिन्यातून एकदा बसते, आणि बसली तरी सगळ्यांचीच नावं निघतात असं नाही.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर म्हणतात, दोन्ही रस्ते चालण्यासारखे आहेत. सात आठवड्यांनी बाहेरून डॉक्टरांची तुकडीही येतेय. तोवर थांबलात तरी...”

“तरी काय?”

“तरी बघता येईल.”

“तुझ्या आईला झालं असतं, तर तू काय केलं असतंस?”

“माझ्या आईचं वेगळं आणि तुमचं वेगळं,” अनासेईनी म्हणाली. पोरगी चांगली होती, पण ताकास तूर लागू देत नव्हती. लेसिएलीने कागदाची घडी केली, ब्लाउजच्या आत ठेवायला गेली आणि मग हातातच धरून बाहेर पडली. दाराशी सँडल नव्हते.

आता हा सैमोने डॉक्टर म्हणजे तिचा भाऊ. तिच्या बापाच्या धाकट्या भावाचा मुलगा. चुलतभाऊ म्हणायची इकडे पद्धतच नाही, चुलत्याचा मुलगा हा भाऊच, आणि सख्ख्या भावाशी जे पाळायचं ते सगळं त्याच्याशीही पाळायचं. तो तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तान्हा असताना तिने त्याला कमरेवर घेऊन अख्खं कोलोंगा गाव हिंडवलं होतं. मग तो बारा वर्षांचा झाला आणि रीतीप्रमाणे मुलांच्या खोपीत निजायला गेला. त्यानंतर चर्च सोडलं तर ती दोघं एका छपराखाली कधी बसली नव्हती. लग्नामरणाला ती स्वयंपाकाच्या बाजूला आणि तो, पुरुष कावा नावाचं मुळांचं पेय पीत बसतात, त्या बाजूला. ती नुसती अंगणात असली तरी टीव्हीवर गालाला गाल लागला की त्याने उठून बाहेर जायचं, आणि तो लांबून येतोय असं दिसलं की तिने हसणं थांबवायचं. यात दुरावा नव्हता, उलट मान होता. तो फिजीला डॉक्टरी शिकायला गेला तेव्हा ती बोटीवर पोचवायला गेली होती आणि शंभर पावलांवर उभी राहून रडली होती.

गाठ सापडली तेव्हा फिजीची एक तरुण डॉक्टरीण दोन महिन्यांसाठी इथे होती. तिनेच तपासलं, तिनेच सुई घातली आणि तिनेच सांगितलं की हा कॅन्सर आहे. मग तिचे दोन महिने संपले. आता कापणारा माणूस एकच उरला होता आणि तो फळीआड खाकरत होता.

का लपतो हा? लाज वाटत असेल, हे लेसिएलीच्या मनात आलं नाही असं नाही. पण लाज काय चिठ्ठी लिहूनही झाकता येते. ‘गाठ वाईट आहे’ किंवा ‘गाठ बरी आहे’ एवढे शब्द नर्सच्या हाती पाठवायला काय हरकत होती? चिठ्ठी नाही, निरोप नाही. दोन्ही रस्ते म्हणे सारखे. दोन्ही रस्ते सारखे कधी असतात? जेव्हा दोन्हीकडून माणूस मरणारच असतो, तेव्हाच.

शंका घेणं हा तिचा पोटापाण्याचाही धंदा होता. कोलोंगाच्या वेशीवर जपानला जाणारे भोपळे भरायची शेड आहे. तिथे एकवीस वर्षं ती निवड करत होती. भोपळा हातात घ्यायचा, फिरवायचा, देठाशी अंगठा दाबायचा, बोटाच्या गाठीने वाजवायचा आणि आवाज बोदा आला की बाजूला टाकायचा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मालाचा तिला सगळ्यांत जास्त संशय यायचा. शेडमधल्या बायका म्हणायच्या, लेसिएली स्वर्गात गेली तर दारावरही टिचकी मारून बघेल.

पण खरी गोष्ट आईची होती. आईच्या पोटात रोग होता, सगळ्या घराला माहीत होतं आणि आईला सगळ्यांनी सांगितलं की वात आहे. आठ महिने वात. लेसिएली तेव्हा तिशीत होती आणि ‘आज चेहरा बरा दिसतोय हं’ हे वाक्य तिने आईला इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याचा सूर तिला पाठ होता. शेवटच्या आठवड्यात आईने फक्त एवढं विचारलं, “वाताला एवढी माणसं भेटायला येतात का गं?” लेसिएलीने उत्तर दिलं नाही. ते उत्तर न देणं तिला अजून छळत होतं. तेव्हा खोटं कसं ऐकू येतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं, ती स्वतःच ते बोललेली होती.

आणि आता घरात तोच सूर लागला होता. नवरा मोसेसे सुतार. तीस वर्षांच्या संसारात त्याने आपलं ताट उचललं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी ती इस्पितळातून आली तर हा मोरीवर उभा राहून भांडी घासत होता.

“काय झालं?” तिने दारातूनच विचारलं.

“काही नाही. म्हटलं, घासून टाकू.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे?”

“तीस वर्षं सांगत होते तेव्हा नाही घासलीस ती.”

मोसेसेने कढईला फेस लावला. “तुला बरं वाटावं म्हणून करतोय, तर त्यातही खोट.” थोड्या वेळाने पाठमोराच म्हणाला, “लेसी, सगळा काढला तरी मला काही फरक पडत नाही बरं का.”

हे त्याने मनापासून म्हटलं असेल. पण ‘काढला तरी’ म्हणजे काढायचं ठरलंय का? कुणाचं कुणाशी बोलणं झालंय? ती खोलीत गेली, आरशासमोर उभी राहिली आणि ब्लाउज वर केला. दोन पोरं या स्तनावर वाढली होती, दोघंही आता ऑकलंडला. तो तिला फार सुंदर वगैरे कधीच वाटला नव्हता, पण तिचा होता. बाहेर भांडी घासायचा आवाज चालूच होता आणि तिला एकदम फार एकटं वाटलं.

शनिवारी ती आत्याकडे गेली तर अंगणभर चटया वाळत घातलेल्या.

इकडे ही गोष्ट साधी नाही. बारीक विणीच्या जुन्या चटया माळ्यावरून उगाच कुणी काढत नाही. लग्न निघालेलं नव्हतं, कुणाचं बारसं नव्हतं. मग राहिलं काय? लेसिएलीने मोजल्या, अकरा होत्या. त्यातली काळसर काठाची आईच्या वेळी शवपेटीखाली अंथरलेल्या चटईची जोडीदार होती.

तोकिलूपे आत्या व्हरांड्यात बसून चष्म्याच्या काचा पुसत होती. बापाची थोरली बहीण, वय एकोणऐंशी. घराण्यात बापाच्या बहिणीचा शब्द शेवटचा असतो, आणि ही आत्या शब्दांच्या बाबतीत उधळीच होती.

“ये गं पोरी. वाळलीस की.”

“चटया कशाला काढल्यास?”

“कसर लागते.”

“ऐन भोपळ्याच्या हंगामात कसर लागते? आत्या, माझ्यासाठी काढल्यास ना?”

आत्याने चष्मा नाकावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “हो, तुझ्यासाठीच काढल्यात.”

लेसिएली पायरीवर बसली.

“ऑकलंडला जायची वेळ आली तर तिकडच्या नातलगांच्या दारात मोकळ्या हाताने जाशील होय? आणि वर जायची वेळ आली तरी याच लागतील,” आत्या म्हणाली. “मी काय आता परत माळ्यावर चढणारय? एकदाच काढल्या. चटईला काय, ती विचारत नाही कुठं चाललीय ते.”

लेसिएलीला हसू आलं आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ रडू आलं. गेल्या महिन्याभरात कुणीतरी तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोललं होतं. आत्या तिला रडू देत चटयांवरची माशी हाकलत बसली.

“सगळे माझ्यापासून काहीतरी लपवतायत,” लेसिएली म्हणाली. “मोसेसे भांडी घासतो. नर्स गोलगोल बोलते. आणि तो... तो तर समोरच येत नाही.”

“तो कसा येईल समोर?”

“नको येऊ दे. पण मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. नर्सच्या नाही, कागदावरून नाही. वाईट असेल तर वाईट, पण आवाज त्याचा पाहिजे. त्याचा आवाज खोटं बोलला तर मला कळेल. मी त्याला लहानपणापासून ओळखते.”

आत्या गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे प्रकरण गंभीर हे पोराबाळांनाही कळायचं. “अगं, बहिणीच्या छातीविषयी भावाने बोलायचं?” ती शेवटी म्हणाली. “तुझ्या बापाने माझ्यासमोर कधी ‘पोट’ हा शब्द काढला नाही. मला दिवस गेले तर म्हणायचा, बहिणीला बरं नाही.”

“मग मी मरू का रीत पाळत?”

“मरायचं काय सारखं.” आत्याने काठी आपटली. “गुरुवारी आला होता तुझा भाऊ. इथंच बसला. तीन रताळी खाल्लीन आणि एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बायकोने उपाशी ठेवलंय. आता कळतंय, काहीतरी मागायला आला होता आणि धीर झाला नाही.” तिने थोडा विचार केला. “उद्या चर्च झाल्यावर दुपारी ये. आतल्या खोलीत बसायचं. पडदा सोडायचा. बाकी मी बघते.”

रविवारी दुपारी सगळं गाव जेवून झोपलेलं असताना सैमोने आला. लेसिएलीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. डॉक्टर गाडीतून आला नव्हता, चालत आला होता, अनवाणी. कमरेला गुडघ्याखाली लोंबणारी फाटकी चटई गुंडाळलेली आणि गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ. मोठा अपराध करून पदरात घ्या म्हणून येणारा माणूस असा येतो. व्हरांड्यावर न चढता तो खाली मातीत बसला आणि त्याने मान खाली घातली. इस्पितळात याच्या नावाने सगळे उठून उभे राहतात.

“अजून तर काही केलं नाहीस,” आत्या खुर्चीतून म्हणाली.

“करावं लागेल म्हणून आलोय, आत्या.”

“मग बोल. मला सांग. मी म्हातारी एकटीच बसलेय इथं.”

पडद्याआड बसलेल्या बाईला अर्थातच सगळं ऐकू जात होतं आणि हे तिघांनाही माहीत होतं. सैमोनेने पानांच्या माळेकडे बघत सुरुवात केली. गाठ तीन सेंटीमीटरची. काखेत एक ग्रंथी कडक लागली, असं फिजीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून ठेवलंय. तपासणीत आलेला प्रकार लवकर वाढणारा. फुप्फुसं आणि यकृत फोटोत स्वच्छ आहेत.

“आत्या, विचार त्याला, म्हणजे मी वाचणार की नाही?” पडद्यातून आवाज आला.

“विचारतेय, वाचणार की नाही?”

“आशा चांगली आहे. खात्री नाही. आशा आहे.”

“आशा चांगली आहे, खात्री नाही,” आत्याने पडद्याकडे तोंड करून सांगितलं.

“मग दोन्ही रस्ते सारखे का म्हणाला?”

“मग दोन्ही... अरे मी काय टेलिफोन आहे? ऐकलंस ना? दे उत्तर.”

सैमोने माळेचं एकेक पान चाचपत राहिला. लहानपणी त्याने काही फोडलं-मोडलं की असाच तो आधी गप्प बसायचा आणि मग खरं बोलायचा.

“सारखे नाहीत,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाची बहीण असती तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, थांबू नका. समितीची वाट बघू नका, बाहेरच्या डॉक्टरांची वाट बघू नका, सगळा काढून टाकू या. सात आठवडे फार होतात. पण कापणारा मी. मला वाटलं, ती आपणहून न्यूझीलंड म्हणेल, किंवा ती तुकडी येईल आणि माझ्यावर ही वेळ येणार नाही. म्हणून नर्सला म्हटलं, दोन्ही सांग. दोन्ही दिवशी मी फळीपलीकडेच होतो, आत्या.”

“लाज वाटली म्हणून?”

“लाज वाटली. आणि भीती वाटली. जिच्या कमरेवर बसून गाव पाहिलं, तिच्यावर सुरी कशी धरू?”

लेसिएलीला आधी प्रचंड राग आला. म्हणजे तिचा संशय खरा होता, हे लोक खरंच लपवत होते. फक्त ती ज्या जागी खणत होती तिथे ते पुरलेलं नव्हतं. तिने मरण गृहीत धरलं होतं आणि आत निघाला होता हा घाबरलेला मुलगा. तिचे दोन आठवडे त्याने वाया घालवले होते. दोन आठवडे वाढणारी गाठ घेऊन ती भोपळे वाजवत बसली होती.

“आत्या, त्याला सांग, मला राग आलाय.”

“तिला राग आलाय.”

“बरोबर आहे,” सैमोने म्हणाला.

“आणि सांग, रस्ता पहिला. सगळा काढायचा. कधी?”

“गुरुवारी सकाळी.”

“गुरुवारी,” आत्या म्हणाली आणि खुर्चीतून कशीबशी उठली. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरून तिने सैमोनेच्या गळ्यातली माळ स्वतःच्या हाताने काढली. माळ काढली म्हणजे माफ केलं. “ऊठ आता. माती थंड आहे. आणि पुढच्या वेळी रताळी खायला आलास तर तोंडानेही दोन शब्द खर्च कर.”

त्या संध्याकाळी मोसेसेने पुन्हा भांडी घासली. लेसिएलीने शेजारी उभं राहून ती पुसली आणि कढईला तेलकटपणा राहिलाय म्हणून परत दिली. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तुझ्या भावाचं मला महिनाभर ठाऊक होतं, कावा प्यायला बसला की नुसता रडायचा. मला वाटलं, तू मरणार म्हणून रडतोय. तुला कसं सांगणार?” जो तो आपल्या भीतीने गप्प होता आणि तिला वाटत होतं सगळे एक होऊन गप्प आहेत.

गुरुवारी सकाळी सात वाजता ती हिरव्या गाऊनमध्ये थिएटरबाहेरच्या खोलीत खाटेवर पडली होती. अनासेईनी जांभळ्या शाईचं जाड पेन घेऊन आली.

“आता खूण करायची,” ती म्हणाली. “मग तुम्हाला गुंगी देतील. तुम्ही झोपलात की डॉक्टर आत येतील आणि तुम्ही उठायच्या आधी निघून जातील. तोंडावर कापड असेल. त्यांना कुणाचं ऑपरेशन आहे ते दिसणारसुद्धा नाही. तसंच ठरवलंय आम्ही.”

“खूण कोण करतं नेहमी?”

“डॉक्टर करतात. पेशंट जागा असताना. पण आज त्यांनी मला...”

“तू कितवी खूण करतेयस?”

अनासेईनीने पेनाकडे पाहिलं. “पहिलीच.”

“आणि चुकून उजवीकडे केलीस तर?”

“कशी चुकेन ताई? डावीकडे लिहिलंय कागदावर.”

“तू समोरून बघतेयस. तुझं डावं ते माझं उजवं. मी शेडमध्ये शिक्का मारणाऱ्या बायका बघितल्यात, एकवीस वर्षं,” लेसिएली म्हणाली. “ज्याने कापायचं त्यानेच खूण करायची. बोलाव त्याला.”

“ताई, तुम्ही जाग्या आहात.”

“जागी आहे म्हणूनच. जा.”

अनासेईनी गेली. भिंतीपलीकडे कुजबूज झाली, मग दार वाजलं. तो दाराच्या आत येऊन थांबला. टोपी, तोंडाला मास्क, आणि नजर फरशीवर. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा ती दोघं एका खोलीत होती. त्याच्या हातात जांभळं पेन होतं.

लेसिएलीने स्वतःच्या हाताने गाऊनची डावीकडची नाडी सोडली. मग तिने डोळे मिटून घेतले.

“ताई?” अनासेईनी घाबरून पुढे आली. “चक्कर येतेय का? अजून तर इंजेक्शन दिलं नाही. डोळे का मिटलेत?”

“त्याला बघता यावं म्हणून,” लेसिएली म्हणाली.